पट्ट्याच्या ताण-पुलीचें बेअरिंग : तें स्वस्तांत कसें मिळवावें

(लेखक : एक निवृत्त महसुली कारकून, बुवापाडा)

ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं आतां बैलगाडीची जागा लहान मालमोटारीनें घेतली आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या बाजूस भात निघाल्यावर भेंडी, काकडी, दुधी करणारे जे थोडे शेतकरी उरले आहेत, त्यांना माल पहांटेस कल्याणच्या बाजार समितीच्या आवारांत पोंचवावयाचा असतो. गाडी एक दिवस बंद पडली म्हणून तोडलेली भेंडी थांबत नाहीं. बैलगाडीच्या आंसाला वंगण केव्हां घालावें, तुंबा कितपत झिजला आहे, हें आपल्या वाडवडिलांस कोणी शिकवावें लागत नसे. मोटारीच्या इंजिनापुढें जो रबरी पट्टा फिरतो, त्याच्या ताण-पुलीविषयीं मात्र आपण सर्वस्वीं मिस्त्रीच्या शब्दावर अवलंबून राहतों. आणि तो शब्द बहुधा "पुरा सेट बदलावा लागेल, भाऊसाहेब" एवढाच असतो. पुरा सेट म्हणजे पुली, तिचा हात, स्प्रिंग व खोगीर सगळेंच. माझ्या गाडीचा सेट अठराशें रुपयांस सांगितला होता. त्यांत बिघडलेली वस्तु होती एकच, आणि ती निराळी घेतल्यास दोनशें रुपयांच्या आंत मिळते. ती ओळखावी कशी, घ्यावी कोठें आणि बसवावी कशी, ह्याबद्दल मला जें पैसे मोजून कळलें तें येथें लिहितों. मी यंत्रविद्या शिकलेला नाहीं. माझें आयुष्य सात-बारा आणि फेरफार लिहिण्यांत गेलें. तरी नोंद नीट वाचण्याची जी संवय त्या नोकरीनें लावली, ती येथेंही उपयोगीं पडली.

प्रथम ही पुली करते काय तें पाहूं. इंजिनाच्या तोंडाशीं असलेल्या मोठ्या पुलीवरून पट्टा निघतो व तो वीज तयार करणारा आल्टरनेटर, पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंप, आणि असल्यास सुकाणूचा व थंड हवेचा पंप, इतक्यांना फिरवितो. पट्टा सैल पडल्यास घसरतो व फार ताणल्यास इतर यंत्रांचीं बेअरिंगें खातो. म्हणून मध्यें एक मोकळी पुली ठेवून, ती स्प्रिंगनें किंवा स्क्रूनें पट्ट्यावर दाबून धरितात. ती कोणतेंही यंत्र चालवीत नाहीं. केवळ फिरते व दाब सोसते. परंतु फिरते किती, ह्याचा हिशेब करून पाहावा. मोठी पुली चौदा सेंटिमीटर व्यासाची आणि ताण-पुली सात सेंटिमीटरची धरल्यास, इंजिन मिनिटास २५०० फेरे घेत असतां ही बिचारी ५००० फेरे घेते. शिवाय हें सर्व तापलेल्या इंजिनाच्या अंगाशीं. तिच्या पोटांत जें पोलादी गोळ्यांचें कडें असतें तेंच बेअरिंग. बाकीची पुली म्हणजे पत्र्याची वा प्लास्टिकची वाटी.

आतां आवाजाची परीक्षा. सकाळीं गाडी चालूं करितांच चीं-चीं असा आवाज येऊन थोड्या वेळानें थांबत असेल, तर दोष पट्ट्याचा किंवा ताणाचा असण्याचा संभव अधिक. पट्ट्यावर थोडें पाणी शिंपडून पाहावें. आवाज क्षणभर बदलला किंवा थांबला तर बेअरिंगला दोष देऊं नये. उलट घरघर किंवा जात्यासारखा आवाज येत असेल व इंजिनाच्या वेगाबरोबर तो चढत-उतरत असेल, तर बेअरिंग संशयित समजावें. नक्की करण्याचा मार्ग एकच : इंजिन बंद करून, थंड झाल्यावर पट्टा काढावा आणि पुली बोटानें फिरवावी. चांगलें बंद बेअरिंग थोड्या जडपणानें फिरतें व लवकर थांबतें, कारण आंत ग्रीस आहे. पुली जर हलकीच गरगर फिरत राहिली व सुका खणखणाट आला, तर ग्रीस संपलें असें समजावें. पुष्कळ लोक ह्याच गोष्टीवर खूष होतात, "पाहा कशी मोकळी फिरते!" म्हणतात, ही चूक आहे. हाताला वाळू लागल्यासारखें वाटणें, पुली दोन बोटांत धरून हलविल्यास डुलणें, सीलच्या कडेस तांबूस गंजाचा ओघळ दिसणें, हीं उरलेलीं लक्षणें. चालत्या पट्ट्याजवळ कान, धोतराचा सोगा किंवा सदऱ्याची बाही नेऊन परीक्षा करूं नये, हें लिहावयास नकोच. तरी लिहितों, कारण मीं तसें करतांना लोक पाहिले आहेत.

आपल्या भागांत हीं बेअरिंगें लवकर जातात, त्याचें कारण पाणी. पावसाळ्यांत चिखलाचें पाणी सीलपाशीं उडतें. पण त्याहून वाईट म्हणजे गाडी धुण्याचा जोराचा फवारा, कारण सील धूळ अडविण्यासाठीं केलेलें असतें, असा दाब सोसण्यासाठीं नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीला पूर येऊन बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकली, तें वाचकांस आठवत असेल. त्या पुरांत माझी गाडीही अर्धी बुडाली. पाणी ओसरल्यावर आम्हीं तेल बदललें, बैठकी वाळविल्या, पण ताण-पुलीकडे कोणाचेंच लक्ष गेलें नाहीं. गाडी तीन आठवडे उभी राहिली, आणि उभ्या गाडीच्या बेअरिंगांत शिरलेलें पाणी गोळ्यांच्या खालीं बसून गंज धरवितें. घरघर गणपतीच्या सुमारास सुरू झाली.

मिस्त्रीनें अठराशें सांगितले तेव्हां मीं पुली काढून घरीं आणली व कंदिलाखालीं नव्हे, तर विजेच्या चांगल्या दिव्याखालीं ती वाचली. वाचली असेंच म्हणतों, कारण बेअरिंगच्या कड्यावर त्याची नोंद कोरलेली असते. माझ्या पुलीवर ६२०३ हा आंकडा होता व त्यापुढें २आरएस आणि सी३ अशीं अक्षरें होतीं. ही नोंद म्हणजे जमिनीचा गट नंबर व त्यापुढील पोटहिस्सा होय. गाडीच्या कंपनीनें सेटाला दिलेला लांबलचक नंबर हा तिच्या घरचा; ६२०३ हा मात्र साऱ्या जगाचा. कोणत्याही देशांत, कोणत्याही कारखान्यांत तयार झालेल्या ६२०३ चें आंतलें भोंक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४० आणि जाडी १२ एवढीच असते.

हा आंकडा वाचण्याची रीत सोपी आहे. पहिला ६ म्हणजे गोळ्यांची एक रांग व खोल खांच असलेला साधा प्रकार. दुसरा आंकडा अंगाची माळ दाखवितो : ० सडपातळ, २ मध्यम, ३ जाड. शेवटचे दोन आंकडे भोंकाचे. ०० असल्यास १० मिलिमीटर, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७. आणि ०४ पासून पुढें पांचानें गुणावें, म्हणजे ०४ चे २०, ०५ चे २५. म्हणून ६२०२ हें १५, ३५ व ११ चें. ६२०१ हें १२, ३२ व १० चें. ६००३ चें भोंक ६२०३ इतकेंच १७, परंतु बाहेरचा व्यास ३५ व जाडी १०. आणि ६३०३ चें भोंकही १७ च, पण बाहेरून ४७ व जाडी १४. केवळ बोल्ट कितीचा आहे हें सांगून बेअरिंग मागितल्यास दुकानदार ह्या तिहींपैकीं कोणतेंही देईल. आंकडा झिजून गेला असल्यास व्हर्नियरनें तिन्ही मापें घ्यावींत. व्हर्नियर नसल्यास जुनें बेअरिंगच खिशांत घालून न्यावें. जाडी मोजण्यास विसरूं नये. कांहीं कंपन्या नेहमींच्यापेक्षां रुंद किंवा दोन रांगांचें खास बेअरिंग घालतात, आणि त्याच्या जागीं साधें घातल्यास पट्टा तिरका धांवून कडेनें फाटतो.

पोटहिस्सा तर अनेकजण वाचीतच नाहींत. झेडझेड किंवा २झेड म्हणजे दोन्ही बाजूंस पत्र्याचें झांकण. तें कड्याला चिकटत नाहीं. बारीक फट राहते, व तींतून पाणी शिरतें. २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंस रबरी सील, जें आंतल्या कड्यावर टेकतें. ह्या टेकण्यामुळें फिरण्याची मर्यादा कमी होते हें खरें. तरी ६२०३ च्या रबरी सीलवाल्या बेअरिंगला चांगले कारखाने मिनिटास सुमारें बारा हजार फेरे देतात, आणि आपली पुली त्याच्या निम्म्याच्या आंत राहते. म्हणून पावसाच्या मुलखांत रबरी सीलच घ्यावें. सी३ म्हणजे आंतल्या गोळ्यांना नेहमींपेक्षां थोडी अधिक मोकळीक. पुलींत दाबून बसविल्यावर बाहेरचें कडें किंचित् आवळतें आणि उष्णतेनें आंतलें फुगतें. मोकळीक आधींच कमी असेल तर गोळ्या जखडतात. साधें रबर शंभर अंश सेंटिग्रेडपर्यंत चांगलें टिकतें; त्यापुढच्या उष्णतेसाठीं निराळें, महाग रबर व निराळें ग्रीस येतें. इंजिनाच्या निकासाच्या नळीशेजारीं पुली असल्यास दुकानांत "जास्त उष्णतेचें द्या" असें स्पष्ट सांगावें व शेंपन्नास रुपये अधिक द्यावेत.

आतां कोठें घ्यावें. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानांत बेअरिंग एकटें मागितल्यास बहुधा नकार येतो, कारण तेथील व्यापार सेटांचा. बेअरिंगांचीं दुकानें निराळीं असतात. उल्हासनगर, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास कारखान्यांना माल पुरविणारीं अशीं दुकानें मिळतात. आणि मोटारींचें कॉइल भरणारे कारागीरही ६२०२, ६२०३, ६२०४ हीं बाळगून असतात, कारण विहिरीवरच्या लहान विजेच्या पंपांना हींच लागतात. निवड मोठी हवी असल्यास मुंबईस मशीद स्थानकावर उतरून नागदेवी स्ट्रीट गांठावी. त्या गल्ल्यांत बेअरिंग, पट्टे, सील, हत्यारें यांचीं दुकानें एकास एक लागून आहेत. रविवारीं जाऊं नये. दुकानदाराला "काका, सहा-दोन-शून्य-तीन, टू-आरएस, सी-थ्री" असें एका दमांत म्हटलें, कीं तो गाडी कोणती हें विचारीतही नाहीं. मला तेथें एकशें साठ रुपये पडले. भाव बदलतात, म्हणून हा आंकडा केवळ अंदाजासाठीं घ्यावा.

कोणाचें घ्यावें, असें विचारतात. परदेशी नांवाचा मोह नको आणि द्वेषही नको. जयपूरची नॅशनल इंजिनीअरिंग इंडस्ट्रीज ही कंपनी १९४६ सालीं निघाली व तिच्या एन्. बी. सी. छापाचीं बेअरिंगें १९५० पासून होत आहेत. एस्. के. एफ्. ही मूळची स्वीडनची, तिचा कारखाना आपल्या पुण्याजवळ चिंचवडास आहे. ह्या एस्. के. एफ्.ची हकीकत पट्ट्याशींच जोडलेली आहे म्हणून सांगतों. गोथेनबर्ग येथील एका कापडाच्या गिरणींत स्वेन विंगक्विस्ट हा यंत्रांची देखभाल पाही. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर असल्यामुळें जमीन हलून छताखालचे लांब दांडे वांकडे होत व त्यांचीं बेअरिंगें वारंवार फुटत. दांडा वांकला तरी स्वतः जुळवून घेणारें बेअरिंग त्यानें शोधून काढलें व १९०७ सालीं कंपनी सुरू झाली. आपल्या ताण-पुलीचें साधें बेअरिंग मात्र असें जुळवून घेत नाहीं. म्हणून तें तिरकें बसलें तर लवकर मरतें. त्याचीच गोष्ट पुढें येते.

मीं पहिलें बेअरिंग नागदेवींत घेतलें नव्हतें, तर जवळच एका दुकानांत, नामांकित कंपनीच्या डबींतलें म्हणून घेतलें. घरीं येऊन जुनें ठोकून काढलें व नवें हातोडीनें ठोकून बसविलें. गाडी चालूं केली, आवाज गेला, आणि अठराशांतले सोळाशें वांचविल्याचा आनंद मीं घरांत दोन दिवस सर्वांस ऐकविला. आठव्या दिवशीं बारीक शिटीसारखा सूर सुरू झाला. मीं तो पट्ट्याचा म्हणून सोडून दिला. अकराव्या दिवशीं पहांटे चारच्या सुमारास, भेंडी भरून पुतण्या कल्याणला निघाला असतां वाटेंत पुली जखडली. पट्टा जळून तुटला, पाण्याचा पंप थांबला, तांबडा दिवा लागला. बाजार दीड मैलावर राहिला होता व भाव सकाळींच मिळतो, म्हणून तो पोरगा तसाच गाडी रेटीत गेला. इंजिनाचें डोकें तापून वांकलें. दुरुस्तीस चौदा हजार गेले. भेंडी दहा वाजतां मिळेल त्या भावानें दिली. त्याला मीं रागें भरलों नाहीं; दिवा लागल्यावर गाडी जागच्या जागीं थांबवावयाची असते हें मींच त्याला कधीं सांगितलें नव्हतें.

दुकानदाराशीं मात्र मीं भांडलों. माल बनावट आहे, असें चारचौघांत म्हणालों. तो खालीं पाहून बेअरिंग परत घेण्यास तयार झाला. परंतु तें त्याच्या हातीं देण्यापूर्वीं आमच्या ओळखीच्या लेथवाल्यानें मागून घेतलें, कापून उघडलें आणि मला खिडकीपाशीं नेलें. जळून काळ्या झालेल्या खांचेच्या एका कडेस सारख्या अंतरावर बारीक खळगे होते; जितक्या गोळ्या तितके खळगे. "भाऊसाहेब, हे हातोडीचे आहेत," तो म्हणाला. मीं ठोकतांना हातोडी आंतल्या कड्यावर चालविली होती. बाहेरचें कडें पुलींत घट्ट बसत होतें, आणि प्रत्येक ठोक्याचा जोर गोळ्यांतून जाऊन त्यांनीं खांचेंत घर केलें होतें. बेअरिंग बनावट होतें कीं नव्हतें हें मला आजही सांगतां येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं मी त्या दुकानीं जाऊन आलों. तें जाणें मला चौदा हजारांपेक्षां जड गेलें.

तर बसविण्याचा नियम असा. जें कडें घट्ट बसावयाचें त्याच्यावरच दाब द्यावा. पुलींत घालतांना बाहेरचें कडें घट्ट बसतें, म्हणून ४० मिलिमीटरहून किंचित् लहान अशा पान्याच्या सॉकेटनें किंवा नळीच्या तुकड्यानें केवळ बाहेरच्या कड्यावर, व्हाइसमध्यें सावकाश दाबावें. जुनें बेअरिंग ह्या कामीं उत्तम येतें. नव्यावर तें ठेवून दाबावें. हातोडी नकोच. लोखंडी पुली कढत पाण्यांत ठेवली व बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवींत बांधून तासभर बर्फाच्या कप्प्यांत ठेवलें, तर पुष्कळदां अंगठ्याच्या जोरानें जातें. खरें सांगावयाचें तर लेथवाल्याकडे प्रेस असतो, तो पन्नास रुपयांत करून देतो, आणि आतां मी त्याच्याकडेच जातों. बेअरिंगपुढें सरक्लिप असल्यास ती खांचेंत पूर्ण बसल्याची खात्री करावी. मधली बुश व धुळीची टोपी फेकूं नये, त्या सुट्या मिळत नाहींत. कांहीं गाड्यांत पुलीचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो; सुटत नाहीं म्हणून जोर करण्यापूर्वीं आटे पाहावेत. नवें बंद बेअरिंग रॉकेलानें धुऊं नये. सील उचकटून ग्रीस भरण्याची युक्ति मीं एका जुन्या बेअरिंगवर केली. सहा आठवडे चाललें. गाडी बाजारापर्यंत नेण्यापुरती ती ठीक आहे.

बनावट मालाबद्दलही लिहिलें पाहिजे, कारण तो आहे. अक्षरें शाईनें छापलेलीं असून रॉकेलाच्या बोळ्यानें पुसलीं गेलीं, तर संशय घ्यावा; मात्र अक्षरें पक्कीं असलीं म्हणजे माल खरा, असें नव्हे. डबी व कड्यावरचा आंकडा जुळतो कीं नाहीं तें पाहावें. भाव बाजाराच्या निम्म्यानें कमी असेल तर घेऊं नये. पक्कें बिल मागावें. बिल देण्यास कां-कूं करणाऱ्याकडे तीस रुपयांसाठीं थांबूं नये. मोबाइलवर फोटो पाठवून खात्री करून घेण्याची सोय एस्. के. एफ्. व इतर मोठ्या कंपन्यांनीं ठेविली आहे. तरुण मुलांना ती लगेच जमते.

तीन ठिकाणीं ही काटकसर करूं नये. पहिलें, पुली प्लास्टिकची असून बेअरिंगभोंवतीं ओतलेली असेल तर. असें बेअरिंग निघतांना वाटी तडकते. न तडकली तरी पुन्हां घट्ट धरीत नाहीं. तेथें पुलीच घ्यावी, पण नुसती पुली मिळते कीं काय तें आधीं विचारावें. पुष्कळ गाड्यांच्या मिळतात व सेटापेक्षां बऱ्याच स्वस्त पडतात. दुसरें, स्प्रिंगचा हात सैल झाला असेल, पट्टा चालतांना हात थरथरत असेल, किंवा पुलीची कडा पट्ट्याशीं तिरकी दिसत असेल, तर दोष हाताचा आहे व नवें बेअरिंग त्यालाच बळी पडेल. तेथें मिस्त्री पुरा सेट म्हणतो तें बरोबर. तिसरें ठिकाण सर्वांत महत्त्वाचें. कांहीं इंजिनांत आंतल्या झडपा चालविण्यास सांखळीऐवजीं दांत्यांचा पट्टा असतो, त्यालाही ताण-पुली असते, आणि तिचें बेअरिंगही कधीं कधीं असेंच साध्या आंकड्याचें असतें. मोह होतो. परंतु तो पट्टा निसटला तर पुष्कळ इंजिनांत दट्ट्या उघड्या झडपांवर आपटून सारें इंजिन जातें. तेथें ठरलेल्या मैलांनंतर पट्टा व पुली मिळून पुरा संच, तोही ओळखीच्या जागेचा, बदलावा. आपली गाडी सांखळीची कीं पट्ट्याची हें तिच्या पुस्तकांत दिलेलें असतें.

माझ्या गाडीच्या बॉनेटच्या आंतल्या अंगास मीं पांढऱ्या रंगानें ६२०३ २आरएस सी३ असें लिहून ठेविलें आहे, आणि त्याखालीं बदलल्याची तारीख व मैल. एक जादा बेअरिंग व एक पट्टा डबींत घालून बैठकीखालीं असतो. वाचकांपैकीं ज्यांनीं आपल्या गाडीची पुली उघडली असेल, त्यांनीं गाडीचें नांव, साल, बेअरिंगवरील संपूर्ण नोंद आणि पुली लोखंडी कीं प्लास्टिकची एवढें एका पोस्टकार्डावर मासिकाकडे लिहून धाडावें. पन्नासएक कार्डें जमल्यास त्यांचा तक्ता करून देण्याचें काम मी घेतों. तक्ते ओढण्याची संवय अद्याप गेलेली नाहीं.